सासर क्युबन-अमेरिकन: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न, एकदाच सगळे

मी मूळची डोंबिवलीची, गेली अकरा वर्षं फ्लोरिडात हायलियाला राहते, मायामीला चिकटूनच आहे ते. नवरा क्युबन-अमेरिकन. तिकडच्या मैत्रिणी, त्यांचे नवरे, भाचरं, आणि आता तर अनोळखी लोकही तेच तेच प्रश्न पाठवतात, म्हणून म्हटलं एका जागी लिहून टाकू. घरातली माणसं आधी सांगते कारण खाली सारखी येणारेत. आजेसासूबाई, त्यांना सगळेच अबुएला म्हणतात म्हणजे आजी, त्या १९६७ ला आल्या. सासूबाई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. सासरे १९८० ला आले. नवरा इथेच जन्मला. आणि अबुएलाच्या भावाचा नातू, तो २०२२ ला आला, सध्या आमच्याच गॅरेजवरच्या खोलीत असतो. ही वर्षं लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

१. क्युबन-अमेरिकन म्हणजे नक्की कोण? क्युबातून आलेला प्रत्येक जण का?

ढोबळमानाने हो, आणि त्यांची मुलंनातवंडंही. अमेरिकेत क्युबन मुळाचे साधारण २४ लाख लोक आहेत (२०२१ चा आकडा), त्यातले जवळपास दोन तृतीयांश फ्लोरिडात. दुसरा जुना अड्डा न्यू जर्सीतलं युनियन सिटी. आणि हे सगळं फिडेल कॅस्ट्रोपासूनच सुरू झालं असं समजू नका, की वेस्ट आणि टँपाला एकोणिसाव्या शतकातच सिगार वळणारे क्युबन कामगार होते, होसे मार्तीने स्पेनविरुद्धच्या लढ्यासाठी त्यांच्याकडूनच पैसे गोळा केले होते. पण आज "क्युबन-अमेरिकन" म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं ते १९५९ नंतरचं.

२. हे लोक एकदमच पळाले का? नेमकं कधी आले?

एकदम नाही, लाटांनी आले, आणि सगळी गोम इथेच आहे. हवानातून १ जानेवारी १९५९ ला क्युबाचा हुकूमशहा बातिस्ता पळाला, कॅस्ट्रो आला. पहिले निघाले ते बातिस्ताची माणसं, जमीनदार, कारखानदार, मग डॉक्टर-वकील-दुकानदार. त्यांना वाटत होतं सहा महिन्यांचा प्रश्न आहे. एप्रिल १९६१ ला कॅस्ट्रोला पाडायला अमेरिकेच्या मदतीने निर्वासितांनी केलेली बे ऑफ पिग्जची चढाई फसली, तिथून ते सहा महिने लांबतच गेले.

मग १९६५ च्या डिसेंबरपासून "फ्रीडम फ्लाइट्स". वारादेरोहून मायामीला विमानं, १९७३ पर्यंत, अडीच लाखांहून जास्त माणसं आली. अबुएला यातल्या. नाव ऐकून मस्त वाटतं पण त्या नाव नोंदवून दीड वर्ष थांबल्या होत्या, नोंदवल्याबरोबर आजोबांची नोकरी गेली आणि त्यांना ऊस तोडायला पाठवलं. निघायच्या आधी सरकारी माणूस घरी येऊन एकेका वस्तूची यादी करायचा, निघताना त्यातलं काही कमी भरलं तर परवानगी रद्द. अबुएलाने काचेचा एक जग फोडला होता आधी, तसाच जग शोधायला त्या अख्खं कामागुएय शहर फिरल्या म्हणे. शिवाय लष्करी वयाच्या मुलांना सोडत नव्हते, म्हणून त्यांचा धाकटा भाऊ मागे राहिला. तो कायमचाच राहिला.

१९८० ला मारिएल. हवानातल्या पेरूच्या वकिलातीत दहा हजारांवर लोक घुसले, कॅस्ट्रो म्हणाला ज्यांना जायचंय ते जा, आणि मायामीचे क्युबन मिळेल ती बोट भाड्याने घेऊन मारिएल बंदरात नातेवाईक आणायला गेले. एप्रिल ते ऑक्टोबर, सव्वा लाख माणसं. मग सोव्हिएत रशियाची मदत बंद झाल्यावरची उपासमार, १९९४ ला ट्रकच्या ट्यूब आणि फळ्या बांधून साधारण ३५ हजार लोक समुद्रात उतरले, त्यांना बालसेरो म्हणतात, बालसा म्हणजे तराफा.

आणि सगळ्यात मोठी लाट ऐका, २०२२-२३. दोन वर्षांत चार लाखांच्या वर, म्हणजे मारिएल आणि बालसेरो मिळून दुपटीपेक्षा जास्त. निकाराग्वाने नोव्हेंबर २०२१ मध्ये क्युबनांना व्हिसा माफ केला, मग तिथपर्यंत विमान आणि पुढे मेक्सिकोपर्यंत रस्त्याने. आमचा गॅरेजवाला असाच आला. घरच्यांनी पैसे साठवायला जे काही विकलं त्यात त्याच्या आजोबांची, म्हणजे त्या मागे राहिलेल्या भावाची, मोटरसायकलही होती.

३. ते स्वतःला "इमिग्रंट" का म्हणवत नाहीत? "एक्सिलिओ" काय भानगड आहे?

एक्सिलिओ म्हणजे निर्वासन, वनवास म्हणा. अबुएलाला कुणी इमिग्रंट म्हटलं की त्या कप खाली ठेवतात. त्यांचं म्हणणं, इमिग्रंट तो जो पोटासाठी येतो आणि हवं तेव्हा परत जाऊ शकतो, आम्हाला काढलं. मायामीत "एल एक्सिलिओ" हा शब्द माणसांच्या समूहासाठीही वापरतात, म्हणजे "एक्सिलिओ चिडलाय" असं सहज म्हणतात. गंमत म्हणजे १९८० चे सासरे हा शब्द अर्धवट वापरतात, आणि २०२२ चा मुलगा अजिबात नाही. तो म्हणतो मी कामाला आलोय, आईला पैसे पाठवायला. त्यावरून जेवताना जे होतं ते सहाव्या प्रश्नात.

४. क्युबात तर शिक्षण फुकट, डॉक्टर फुकट. मग पळायचं कशाला? (हा प्रश्न जास्त करून काकालोक विचारतात)

काका, माहितीये, १९८३ ला दिल्लीत कॅस्ट्रोने इंदिरा गांधींना मिठी मारली तो फोटो तुमच्या डोक्यात आहे. साक्षरता, लसीकरण, डॉक्टर या गोष्टी खऱ्याच आहेत, सासरेही मान्य करतात, ते तिथेच फुकटात इंजिनियर झाले. पण त्याच देशात रेशनकार्ड १९६२ पासून चालू आहे, विरोधी पक्ष काढता येत नाही, आणि २०१३ पर्यंत देशाबाहेर जायला सरकारची वेगळी परवानगी लागायची, पासपोर्ट असून उपयोग नव्हता. देश सोडून गेलात तर डिसेंबर १९६१ च्या कायद्याने घर, गाडी, बँकेतले पैसे सगळं सरकारजमा व्हायचं. ११ जुलै २०२१ ला लोक रस्त्यावर उतरले तेव्हा शेकड्यांनी तुरुंगात गेले. अमेरिकेच्या १९६२ पासूनच्या निर्बंधांनी हाल वाढवले हेही खरं, त्यावर आमच्याच घरात एकमत नाही, त्यामुळे मी एकटीने निकाल देणार नाही.

५. आईबापांनी लहान मुलांना एकटंच अमेरिकेत पाठवलं होतं असं वाचलं. खरंय?

खरंय. त्याला पेद्रो पान म्हणतात, म्हणजे आपला पीटर पॅन. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२, चौदा हजारांहून जास्त मुलं, मायामीच्या कॅथलिक चर्चचे फादर ब्रायन वॉल्श यांनी व्हिसाची सूट मिळवून दिली. सरकार मुलांचा ताबा घेणार, रशियाला पाठवणार अशा अफवा होत्या, आणि त्या वेळी शाळा ताब्यात घेतलेल्या असल्यामुळे लोकांना त्या अफवा वाटल्याच नाहीत. हवानाच्या विमानतळावर काचेची खोली होती, तिला पेसेरा म्हणजे मासे ठेवायची टाकी म्हणायचे, मुलं आत आणि आईबाप काचेबाहेर. वाटलं होतं महिन्या-दोन महिन्यांत आपणही जाऊ. पण ऑक्टोबर १९६२ च्या क्षेपणास्त्र संकटात (रशियाने क्युबात अण्वस्त्रं आणून ठेवली होती) विमानं बंद झाली आणि कित्येकांची ताटातूट तीन-चार वर्षांची झाली, काहींची कायमची. फ्लोरिडाचे माजी सिनेटर मेल मार्टिनेझ त्यातलेच. आमच्या शेजारचे आजोबाही त्यातले, त्यांना आयोवात एका शेतकऱ्याकडे ठेवलं होतं. आई आली तेव्हा ते तिच्याशी स्पॅनिशमध्ये नीट बोलू शकत नव्हते, एवढंच ते सांगतात, पुढचं नाही.

६. सगळे क्युबनच ना, मग आपसात भांडण कशावरून?

निघण्याच्या वर्षावरून. इथे दोन अनोळखी क्युबन भेटले की तिसरं वाक्य "तुम्ही कधी आलात?" असतं, आपल्याकडे आडनाव विचारतात तसं. १९६० च्या लोकांना वाटतं खरा क्युबा आमच्याबरोबर संपला. ते बहुतेक गोरे आणि शिकलेले होते. मारिएलमध्ये कामगारवर्ग आला, कृष्णवर्णीय जास्त आले, आणि कॅस्ट्रोने तुरुंगातली आणि वेड्यांच्या इस्पितळातली काही माणसंही बोटींत घातली. खरे गुन्हेगार फार थोडे होते, पण "मारिएलितो" ही शिवीच झाली, ती द्यायला जुने क्युबनही होते बरं का.

सासऱ्यांचं म्हणजे दोन्हीकडून. तिकडे निघताना शेजाऱ्यांनी घरासमोर जमून "एस्कोरिया" म्हणजे गाळ म्हणत दारावर अंडी फेकली. "खायला अंडं रेशनवर, पण फेकायला ट्रेच्या ट्रे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि इकडे आल्यावर अबुएलाने लेकीचं लग्न त्यांच्याशी लावून द्यायला चार वर्षं घेतली. आता तेच सासरे २०२२ च्या पोराला म्हणतात, तुम्हा लोकांना कष्ट नकोत. मी समोर बसून भात वाढते.

७. इथे जन्मलेली मुलं क्युबन की अमेरिकन? स्पॅनिश येतं का?

नवऱ्याला विचारलं तर मायामीत तो अमेरिकन, आणि मायामीबाहेर कुठेही क्युबन. इथे जन्मलेल्या क्युबनांना "एबीसी" म्हणतात, अमेरिकन-बॉर्न क्युबन. सासूबाईंसारखे, जे लहानपणी आले, त्यांना समाजशास्त्रज्ञ रुबेन रुंबाउत यांनी "दीड पिढी" असं नाव दिलं, मला ते फार पटतं, कारण सासूबाई हिशेब स्पॅनिशमध्ये करतात आणि भांडतात इंग्लिशमध्ये. भाषेचं म्हणाल तर हायलियात स्पॅनिशशिवाय भाजीसुद्धा मिळायची नाही, त्यामुळे टिकलीये, पण ती मायामीची भाषा झालीये, मध्येच "ब्रो" मध्येच "दाले" म्हणजे चल. २०२२ वाल्याचं "असेरे, के बोला" (काय मित्रा, काय चाललंय) ऐकून अबुएला कानावर हात ठेवतात, त्यांच्या काळी ते मवाल्यांचं बोलणं होतं. माझी मुलगी "आजी", "अबुएला" आणि "ग्रँडमा" तीन वेगवेगळ्या बायकांसाठी वापरते, गोंधळ शून्य.

८. जेवण कसं असतं? शाकाहारी माणसाचं काय?

शाकाहाऱ्याचं कठीण आहे, काळ्या घेवड्याच्या उसळीतसुद्धा डुकराच्या मांसाचा तुकडा असू शकतो, विचारून घ्या. पण कंदमुळं ओळखीची निघतात. युका म्हणजे आपला साबुदाणा ज्यापासून होतो तोच कंद, उकडून वर लसूण आणि आंबट संत्र्याचा रस घातलेलं "मोहो" ओततात, उपासाला चाललं असतं लसूण नसता तर. मालांगा आपल्या अळकुड्यांच्या नात्यातली. पिकल्या केळ्याचे तळलेले काप. पेरूची घट्ट वडी घातलेले पास्तेलितो, ती वडी खाऊन माझ्या गोव्याच्या जावेला पेराडच आठवली.

सण म्हणजे नोचेबुएना, २४ डिसेंबरची रात्र. आख्खं डुक्कर परसात "काहा चिना" नावाच्या पेटीत भाजतात, निखारे वरच्या झाकणावर. गंमत बघा, क्युबात १९६९ मध्ये ऊसतोडणीत अडथळा नको म्हणून नाताळची सुट्टी बंद केली, ती १९९७ मध्ये पोप येणार म्हणून परत मिळाली. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं तो सण मायामीत जास्त क्युबन होता. पूर्वी सगळे ग्लास उचलून म्हणायचे "पुढच्या वर्षी हवानात". आमच्याकडे आता फक्त अबुएला म्हणतात, बाकीचे ग्लास उचलतात.

९. मायामीत समुद्राकडे तोंड करून देऊळ बांधलंय ते कोणतं?

एर्मिता दे ला कारिदाद. क्युबाची ग्रामदेवताच म्हणा, म्हणजे अख्ख्या देशाची, व्हर्जिन दे ला कारिदाद. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तीन नावाड्यांना ती पाण्यावर तरंगताना सापडली अशी कथा आहे, त्यामुळे बोटीतून पळालेल्यांना ती फारच जवळची. मायामीतली मूर्ती १९६१ ला गुपचूप बाहेर आणली, ८ सप्टेंबरला तिच्या सणाच्या दिवशीच पोचली. देऊळ १९७३ चं, निर्वासितांनी सुटे पैसे जमवून बांधलं. पिवळी फुलं वाहतात. पिवळं का, तर पश्चिम आफ्रिकेच्या योरुबा परंपरेतली ओशून देवी आणि ही एकच असं मानणारेही पुष्कळ, चर्चला आवडो न आवडो.

१०. मायामीहून क्युबा किती लांब? मग भेटायला जाता येतं का?

की वेस्टपासून ९० मैल, म्हणजे मुंबई-पुणे. मायामीहून विमान तासाभराच्या आत. जाता येतं, पण दोन्ही बाजूंची लफडी आहेत.

अमेरिकेच्या बाजूने: नुसतं फिरायला जायला बंदी, १२ ठरावीक कारणांपैकी एक लागतं, कुटुंबाला भेटणं हे त्यातलं एक. पण कुटुंब म्हणजे कोण हे सरकार ठरवतं. २००४ ला बुशने नियम केला की तीन वर्षांतून एकदाच आणि फक्त सख्खे, काका-मामा-चुलतभाऊ कुटुंबात बसत नाहीत. ज्या माणसाला काकाने वाढवलं त्याने काय करायचं? २००९ ला ओबामाने ते काढलं.

क्युबाच्या बाजूने अजून मजा. आपल्याला अमेरिकन नागरिक झालं की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, यांचं बरोबर उलटं. १९७१ उजाडल्यानंतर जो क्युबातून निघाला तो अमेरिकन नागरिक असला तरी क्युबात शिरताना क्युबन पासपोर्टच लागतो, आणि तिथे काही झालं तर क्युबाच्या लेखी तुम्ही फक्त क्युबन, अमेरिकन वकिलातीचा हात पोचेलच असं नाही. त्याआधी निघालेल्यांना अमेरिकन पासपोर्टवर वेगळा व्हिसा चालतो. म्हणजे ज्या अबुएलाला कॅस्ट्रोचं नाव काढलेलं चालत नाही त्या अमेरिकन पासपोर्टवर जाऊ शकतात, पण गेल्या नाहीत, आणि सासरे दर वेळी क्युबन पासपोर्टचे पैसे भरतात आणि दर वेळी शिव्या घालतात. अजून एक अपवाद: सरकारी मिशनवर परदेशात गेलेले डॉक्टर तिकडून पळाले तर आठ वर्षं प्रवेश बंद.

११. तिकडच्यांना काय पाठवतात? पैसे की सामान?

दोन्ही. तांदूळ, दुधाची पावडर, पॅरासिटामॉल, डायपर, बॅटरी, पंख्याची मोटर. सामान घेऊन सतत ये-जा करणाऱ्यांना "मुला" म्हणजे खेचर म्हणतात, हायलियात त्यावर चालणारी दुकानंच्या दुकानं आहेत, वजनावर कपडे विकणारी. विमानतळावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या बोजांची रांग दिसली की समजायचं हवानाचं विमान.

याच्यावरचा जुना विनोद सांगते. कॅस्ट्रो पळालेल्यांना "गुसानो" म्हणजे अळी म्हणायचा. १९७९ ला पहिल्यांदा त्यांना भेटीला यायची मुभा मिळाली, एका वर्षात लाखभर लोक बोचकी भरभरून गेले, तेव्हा तिकडचे म्हणाले, बघा अळ्यांची फुलपाखरं झाली. आणि "त्राइदोरेस" म्हणजे गद्दार, त्याचं झालं "त्राए दोलारेस", डॉलर आणतो. पाठवू नये, त्याने सरकारच जगतं, असं म्हणणारेही मायामीत कमी नाहीत. अबुएला तेच म्हणतात. दर महिन्याला भावाला पाठवत होत्या, तो जाईपर्यंत.

१२. जप्त झालेली घरं परत मिळणार का?

घराबद्दल विचाराल तर आमच्याकडे कुणाला वाटत नाही. अमेरिकन सरकारने मान्य केलेले ५,९१३ दावे आहेत, मूळ रक्कम १.९ अब्ज डॉलरच्या आसपास, पण ते जप्तीच्या वेळी जे आधीच अमेरिकन नागरिक किंवा कंपन्या होत्या त्यांचे. जे तेव्हा क्युबन होते ते त्यात नाहीत. १९९६ च्या हेल्म्स-बर्टन कायद्यातलं एक कलम मे २०१९ ला लागू झालं, त्याने अशा मालमत्तेवर धंदा करणाऱ्या कंपन्यांवर खटला भरता येतो, पण राहती घरं त्यातून जवळपास वगळलेली आहेत. बाकी मायामीतला विनोद तुम्हाला माहीत असेलच, इथलं गल्लीतलं कुत्रंसुद्धा म्हणतं, क्युबात मी जर्मन शेफर्ड होतो.

सासरे २०१६ ला ते कामागुएयचं घर बघून आले. आत तीन कुटुंबं राहतात. त्यांनी कॉफी दिली. अबुएलाने सगळं ऐकून एकच विचारलं, काचेचा जग आहे का?

१३. सगळे क्युबन रिपब्लिकन असतात ना?

बहुसंख्य आहेत, सगळे नाहीत. बे ऑफ पिग्जला केनेडीने ऐनवेळी विमानांचं कवच दिलं नाही हा राग जुन्यांनी विसरलेला नाही. तिकडे न्यू जर्सीचे माजी सिनेटर बॉब मेनेंडेझ डेमोक्रॅट. पण माझी आवडती गोष्ट ही: मेनेंडेझ यांचे आईवडील १९५३ ला आले, रिपब्लिकन नेते मार्को रुबिओंचे १९५६ ला, आणि रिपब्लिकनच असलेल्या टेड क्रूझ यांचे वडील १९५७ ला. तिघेही कॅस्ट्रोच्या आधी! रुबिओ आपले आईवडील कॅस्ट्रोनंतर आले असं सांगायचे, २०११ ला वर्तमानपत्रांनी कागद काढले तेव्हा चर्चा झाली. सहावा प्रश्न पुन्हा वाचा, वर्ष का महत्त्वाचं ते कळेल.

१४. क्युबन माणसाला अमेरिकेत पाय ठेवला की ग्रीनकार्ड, हे अजून आहे का?

तसं सरळ कधीच नव्हतं. १९६६ च्या कायद्याने कायदेशीर प्रवेश किंवा "परोल" (तात्पुरत्या प्रवेशाची परवानगी) मिळालेला क्युबन एका वर्षाने ग्रीनकार्डला अर्ज करू शकतो, हा कायदा अजून आहे. १९९५ पासून "ओला पाय, कोरडा पाय" धोरण होतं, समुद्रात सापडलात तर परत, जमिनीला लागलात तर राहा. ते ओबामाने १२ जानेवारी २०१७ ला बंद केलं. आत्ताची खरी अडचण आय-२२०ए, म्हणजे अटींवर सोडल्याचा कागद. २०२१-२२ ला सीमेवर आलेल्या हजारो लोकांना परोलऐवजी हा कागद दिला, आणि इमिग्रेशन अपील बोर्डाने २०२३ ला म्हटलं हा परोल नाही. शेजारी उभ्या दोन भावांना वेगवेगळे कागद मिळाले अशी उदाहरणं आहेत. आमच्या पोराकडे आय-२२०ए आहे. सल्ला माझ्याकडे मागू नका, वकील गाठा.

१५. म्हातारी माणसं गेल्यावर तिकडे नेतात का?

क्वचित. मायामीतल्या काये ओचो म्हणजे आठव्या रस्त्यावरच्या वुडलॉन दफनभूमीत क्युबाचे माजी राष्ट्राध्यक्ष माचादो आणि प्रिओ दोघेही आहेत, म्हणजे ते एकमेकांचे विरोधक, आणि वाटच बघतायत म्हणा. गायिका सेलिया क्रूझला १९६२ ला आईच्या अंत्यविधीलाही येऊ दिलं नाही. १९९० ला तिने ग्वांतानामोच्या अमेरिकन तळावर कुंपणापलीकडे हात घालून मूठभर माती आणली, ती २००३ ला न्यूयॉर्कमध्ये तिच्याबरोबर पुरली. अबुएलाने सांगून ठेवलंय, माती वगैरे काही नको, हायलियातच ठेवा, इथून मुलांना बसने येता येतं.

१६. आम्ही मायामीला येतोय, क्युबन घरी जेवायला बोलावलंय. काय सांभाळायचं?

कॅस्ट्रोचा साथीदार चे गेवारा, त्याचा टीशर्ट घालू नका. मी हे चेष्टेत लिहीत नाहीये, माझा चुलतभाऊ एफसी रोडवरून घेतलेला घालून आला होता, आणि अबुएलाच्या मोठ्या दिराला चेच्या अखत्यारीतल्या ला काबान्या किल्ल्यात डांबलं होतं. चुलतभावाला बिचाऱ्याला चे फक्त दाढीवाला माणूस वाटत होता. कुणी ओरडलं नाही. अबुएला आत गेल्या, आजोबांचा इस्त्रीचा पांढरा ग्वायाबेरा शर्ट आणला, म्हणाल्या घाल हा, जेवण सांडेल. तो शर्ट त्यांनी परत घेतला नाही, डोंबिवलीला आहे.